सर्वांचा फळा, ज्याचा त्याचा कुंचला



या व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन आपले चिटणीस माझ्या घरी आले, तेव्हा मी बोनसवर किंवा किमान वेतनावर बोलेन अशी त्यांची समजूत होती. मी म्हटले, "मला चित्र काढण्यावर बोलावयाचे आहे." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा बाहेरच्या उन्हाकडे पाहिले. सज्जन गृहस्थ, काही बोलले नाहीत. चहाचा कप खाली ठेवताना मात्र हळूच विचारले, "म्हणजे कामगारांच्या चित्रकलेवर का?" मी म्हटले, तसे म्हणा हवे तर.

तेव्हा आधीच कबुली देऊन टाकतो. मी चित्रकार नाही. माझी शाळा आठवीत सुटली. पंधराव्या वर्षी सोलापुरात यंत्रमागावर उभा राहिलो आणि पुढे युनियनच्या कामात पडलो. जे काही वाचले ते कचेरीतल्या कपाटातून, रात्रीच्या वेळी, कोणी न सांगता. संगणकाला हात लावला तो पन्नाशी उलटल्यावर. म्हणून माझ्या बोलण्यात विद्वत्ता शोधू नका. जेवढे हाताने करून पाहिले तेवढेच सांगेन. चुकले तर मागे बसलेली तरुण मंडळी आहेतच, ती माझे कान धरतील.

विषय असा. इंटरनेटवर एक फळा असतो. त्या फळ्यावर एकाच वेळी पुष्कळ माणसे चित्र काढू शकतात. एक सोलापुरात, एक सुरतेत, एक पुण्यात. मी इकडे रेघ ओढली की ती तिकडे उमटते. एवढे आता नवलाचे राहिलेले नाही, मुलेसुद्धा करतात. परंतु मी ज्या फळ्याविषयी बोलणार आहे, त्यात आणखी एक गोष्ट आहे. तेथे कुंचला तयार मिळतो तसा आपला आपण घडवताही येतो. तो कसा वागावा हे आपण चार-सहा ओळींत लिहून द्यावयाचे. लिहिले तसा तो रंग सोडतो. आणि लिहिलेल्या ओळी सर्वांना दिसतात, म्हणून माझा कुंचला दुसरा घेऊ शकतो, त्यात फेरफार करू शकतो. यात एवढे मोठे काय, असे आपल्याला वाटेल. मलाही पहिल्यांदा तसेच वाटले होते. ते मोठे का आहे हे मला ज्या ठिकाणी कळले ती जागा मागाच्या शेडमध्ये आहे, म्हणून आधी तिकडे चला.

सोलापुरी चादर आपण सर्वांनी पांघरली आहे. तिच्यावर मोर असतो, फुले असतात. हा मोर छापलेला नसतो, विणलेला असतो. त्यासाठी मागाच्या डोक्यावर जकार्ड बसवलेले असते. पुठ्ठ्याचे लांबट पत्ते, त्यांना भोके पाडलेली, आणि ते एकमेकांना दोऱ्याने ओवून केलेली लांब माळ. बाण्याचा एक धागा टाकायचा की एक पत्ता पुढे सरकतो. जेथे भोक आहे तेथे सुई आत जाते, तिचा आकडा वर उचलला जातो आणि त्याबरोबर ताण्याचा धागा उठतो. भोक नसेल तेथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. बस्स, एवढेच. उचल किंवा उचलू नकोस. शेकडो पत्त्यांवर हे "उचल, उचलू नकोस" लिहिलेले असते आणि त्यातून मोर होतो.

मी ज्या शेडमध्ये होतो तेथे एका नक्षीत मोराच्या मानेवर एक पांढरा ठिपका येऊ लागला. एका पत्त्याला एक भोक जास्त पडले होते. चादरी परत आल्या. दोष कोणाचा? तर विणणाऱ्याचा. पगारातून कापून घेतले. माझ्या शेजारच्या मागावर एक वयस्कर विणकर होते, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणत असू. मामांना अक्षर ओळख बेताची, परंतु पत्ते त्यांना आपल्या तळहातासारखे दिसत. त्यांनी माळ हाताने सरकवत सरकवत दहा मिनिटांत तो पत्ता काढला, त्या भोकावर डिंकाने कागदाचा तुकडा चिकटवला आणि माग चालू केला. ठिपका गेला. चादर निर्मळ आली.

दुसऱ्या दिवशी मामांना तीन दिवस घरी बसवले. पत्त्यांना हात लावला म्हणून. "तुमचे काम विणायचे आहे, नक्षीत डोके घालायचे नाही." मामा काही भांडले नाहीत. चौथ्या दिवशी आले आणि उभे राहिले. मी तेव्हा सतरा वर्षांचा असेन. युनियनची पावती मी त्या आठवड्यात फाडली, हे आता सांगायला हरकत नाही.

पुष्कळ वर्षांनी मला कळले की संगणकाच्या धंद्यात चालत्या कामातला दोष सुधारण्यासाठी जो छोटा तुकडा लिहून जोडतात, त्याला ते लोक ठिगळ अशाच अर्थाचा शब्द वापरतात. तो शब्द आला कोठून? जुने संगणक भोके पाडलेल्या पत्त्यांवर आणि कागदी पट्ट्यांवर चालत. चुकीचे भोक पडले की त्यावर कागद चिकटवीत. म्हणजे आमच्या मामांनी जे केले तेच. तिकडे त्याला कसब म्हणाले, इकडे तीन दिवसांचा पगार गेला.

या पत्त्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो आपल्या विषयाला लागून आहे. जोसेफ मारी जकार हा फ्रान्समधल्या लियोंचा. त्याने 1804च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केले. आधीच्यांनी केलेल्या कामावरच त्याने ते उभारले होते, ही गोष्ट विसरू नये. एकट्याच्या डोक्यातून असे काही बाहेर पडत नाही. त्याआधी नक्षीचे धागे ओढण्यासाठी मागाशी एक पोरगा बसवावा लागे. 1806मध्ये फ्रेंच सरकारने हे यंत्र सार्वजनिक मालमत्ता म्हणून जाहीर केले आणि जकारला पेन्शन व प्रत्येक यंत्रामागे काही रक्कम ठरवून दिली. कोणीही हे यंत्र बनवावे, कोणीही वापरावे! दोनशे वर्षांपूर्वीचा हा निर्णय मी वाचला तेव्हा दोनदा वाचला.

पण यंत्र सार्वजनिक झाले म्हणून विणकर सुखी झाले असे समजू नका. 1831मध्ये लियोंच्या रेशीम विणकरांनी उठाव केला. पुष्कळ जण सांगतात की ते यंत्राविरुद्ध उठले. नव्हे. त्यांची मागणी दरपत्रकाची होती. विणाईचा किमान दर ठरला होता आणि व्यापारी तो पाळायला तयार नव्हते. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे वाचून अगदी ओळखीचे वाटते.

1839मध्ये जकारचे एक चित्र रेशमात विणले गेले. त्याला सुमारे 24,000 पत्ते लागले. लांबून पाहिले तर छापील चित्र वाटावे असे. इंग्लंडमध्ये गणकयंत्राच्या मागे लागलेल्या चार्ल्स बॅबेजने त्याची एक प्रत मिळवली होती, आणि आपल्या यंत्राला हुकूम देण्यासाठी त्याने हेच पत्ते योजले होते. तेव्हा संगणक हा मागाचा धाकटा भाऊ आहे, असे मी म्हणतो तेव्हा ती केवळ विणकराची बढाई नसते.

आता फळ्याकडे येतो.

दर वर्षी 1 मेला आम्हाला फलक लागतो. पूर्वी एक पेंटर होते, ते रात्रभर बसून कापडावर रंगवीत. ते गेले. मग फ्लेक्स आले. फ्लेक्सवाल्याकडे गेले की तो चाके, मुठी आणि उगवता सूर्य ठरलेल्या जागी ठेवून देतो. युनियनचे नाव बदलले की झाले. एकदा आमच्या फलकावरचा सूर्य आणि समोरच्या रस्त्यावरच्या पतपेढीच्या फलकावरचा सूर्य एकच निघाला, तेव्हा सभेत हशा झाला. आमच्या एका सभासदाचा मुलगा पुण्यात संगणकाचे काम करतो. तो म्हणाला, "काका, आपणच काढू. सगळे मिळून." मी म्हटले, सगळे आहेत कोठे? काही सुरतेला मागावर, काही भिवंडीला, काही येथे. तो म्हणाला, त्यासाठीच तर.

त्याने फळा उभा केला तो फुकट मिळणाऱ्या सुट्या भागांतून. चित्रकारांना आणि विद्यार्थ्यांना संगणकाकडून चित्रे काढून घेता यावीत म्हणून 2001मध्ये केसी रीस आणि बेन फ्राय यांनी प्रोसेसिंग नावाची एक सोपी भाषा काढली. तिचाच इंटरनेटच्या पानावर चालणारा अवतार लॉरेन मॅकार्थी यांनी 2013मध्ये सुरू केला. दोन्ही खुले आहेत. आतल्या ओळी वाचाव्यात, बदलाव्यात, वाटाव्यात. मुलाने तो वापरला, आणि सर्वांच्या रेघा एकमेकांकडे पोचवण्याचे काम कचेरीतल्या एका जुन्या संगणकाकडे दिले. त्या संगणकावर आमची वर्गणीची नोंद होती. त्याला बढती मिळाली.

मला शिकवायला त्याने कासवापासून सुरुवात केली. 1967मध्ये अमेरिकेत वॉली फ्यूरझाइग, सिमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो नावाची भाषा केली होती. तिच्यात पुढे एक कासव आले. त्याला म्हणायचे, पुढे 100, उजवीकडे 90. असे चार वेळा म्हटले की चौकोन होतो. आपल्याकडच्या पुष्कळ शाळांतही हे कासव येऊन गेले. मी एक्कावन्नाव्या वर्षी त्याच्या मागे लागलो. पहिल्या संध्याकाळी माझा चौकोन काही मिटेना. कारण मी 90च्या ऐवजी 80 लिहिले होते आणि दोष चष्म्याला देत होतो.

कुंचला म्हणजे संगणकाच्या लेखी काय, हे समजून घेतले पाहिजे. आपल्याला रेघ दिसते. प्रत्यक्षात तेथे एक छोटा ठसा असतो आणि आपला हात जाईल त्या वाटेने तो ठसा अगदी जवळ जवळ उमटवला जातो, इतका जवळ की सलग वाटावे. आता त्या ठशाच्या जागी हुकूम ठेवा. हात कोठे आहे, मागच्या क्षणी कोठे होता, किती वेगाने चालला आहे, हे आकडे कुंचल्याला मिळतात. त्यांचे काय करायचे ते आपण लिहायचे. वेग वाढला तर रेघ बारीक कर. वर गेला तर निळा, खाली आला तर तांबडा.

याचे एक फार सुंदर उदाहरण आहे. 2010मध्ये रिकार्दो काबेयो या स्पॅनिश कलावंताने हार्मनी नावाचा एक चित्रफळा इंटरनेटवर ठेवला. त्याचे कुंचले स्मरणशक्ती असलेले आहेत. हात जेथून जेथून गेला ते सगळे बिंदू ते लक्षात ठेवतात, आणि नवा बिंदू जुन्या बिंदूंच्या जवळ आला की मधे आपण होऊन एक पुसट रेघ जोडतात. त्यामुळे साध्या गिरगटण्यातून जाळी तयार होते, सावली तयार होते, केसाळ मांजर तयार होते. ही कल्पना आपल्याला झी फ्रँकच्या एका जुन्या खेळण्यावरून सुचली, असे त्याने तेथेच नमूद केले आहे. मला हे आवडले. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव सांगावे, आणि मग घ्यावे.

मी माझा पहिला कुंचला केला तो अर्थातच विणणारा. कल्पना अशी. फळ्यावर बारीक चौकटी आहेत असे समजायचे. चौकटीची ओळ कितवी आणि रांग कितवी, या दोन आकड्यांची बेरीज करायची. तिला चाराने भागायचे. बाकी शून्य आली तर तेथे बाण्याचा रंग, नाहीतर ताण्याचा. एवढ्याने जीनच्या कापडावर दिसते तशी तिरकी वीण फळ्यावर उतरू लागली. अहो, मला त्या रात्री झोप आली नाही. तीस-पस्तीस वर्षे जे पायाने आणि कानाने ओळखत होतो, ते सात ओळींत मावले होते, आणि त्या ओळी मी लिहिल्या होत्या. कोणी मला म्हणाले नाही की नक्षीत डोके घालू नका.

दुसऱ्या दिवशी सुरतेच्या मंडळींनी तोच कुंचला उचलला आणि फलकाची खालची बाजू भरावयास घेतली. मी वरची. मधे दोघांचे कापड भेटले आणि गडबड लक्षात आली. वीण जुळेना. माझी तिरकी रेघ एका घराने वर, त्यांची एका घराने खाली. दोन ठाणांतली कापडे घाईघाईने जोडावीत तसे दिसू लागले. पुण्याच्या मुलाने पाहिले आणि हसला. म्हणाला, "काका, तुम्ही चौकटी कोठून मोजता?" मी मोजत होतो हात जेथे टेकला तेथून. प्रत्येक जण आपापल्या हातापासून मोजत होता. त्याने एक शब्द बदलला: मोजणी फळ्याच्या कोपऱ्यापासून. त्यानंतर कोणी कोठूनही सुरू करा, घाईने करा, सावकाश करा, चार गावांतून करा, वीण जुळतेच. कापड जणू आधीपासून फळ्याखाली आहे आणि प्रत्येक जण त्याच्यावरची धूळ पुसतो आहे. त्या दिवशी रात्री अकरापर्यंत भिवंडीचा एक जण नुसता पुसत बसला होता. त्याला म्हटले झोप आता, तर म्हणाला, दुसरी पाळी आहे उद्या, राहू द्या.

आणखी एक फजिती सांगतो. सुरतेच्या एका तरुणाने तुटक्या धाग्याचा कुंचला केला. कापडाच्या कडेने सुटलेले धागे लोंबावेत, कोणता डावीकडे, कोणता उजवीकडे, ते संगणकाने चिठ्ठी टाकून ठरवावे. छान दिसत होते. मी फोनवर म्हटले, तो ध्वजाच्या काठीवर आलेला धागा काढ. तो म्हणाला, काठीवर धागा नाहीच. आमचे दहा मिनिटे भांडण. मी म्हणतो आहे, तो म्हणतो नाही. दोघेही खरे बोलत होतो! या फळ्यावर रेघेचे चित्र पाठवले जात नाही, रेघेचा हुकूम पाठवला जातो, आणि प्रत्येकाचा संगणक तो हुकूम आपल्यापुरता पाळतो. त्यामुळे प्रत्येक संगणकाने आपली चिठ्ठी वेगळी टाकली होती. माझ्या फळ्यावर एक चित्र, त्याच्यावर दुसरे. उपाय सोपा निघाला. चिठ्ठी एकदाच टाकायची, निघालेला आकडा हुकुमाबरोबर सर्वांना धाडायचा आणि सर्वांनी त्याच आकड्यावरून पुढचा हिशोब करायचा. एवढे केल्यावर सर्वांचे धागे एकाच बाजूला लोंबू लागले. मी कित्येक संयुक्त कृती समित्यांत बसलो आहे, तेव्हा ठराव एक आणि प्रत्येकाच्या घरी पोचलेला अर्थ निराळा, हा प्रकार मला नवा नव्हता.

परक्याने लिहिलेला हुकूम आपल्या संगणकावर चालवायचा यात धोकाही आहे. एकाने असा कुंचला लिहिला की त्याचे काम कधी संपतच नाही. सर्वांचे फळे गोठून बसले. म्हणून कुंचल्याला वेगळ्या कोंडीत चालवतात: त्याला फळा दिसावा, तुमच्या फायली दिसू नयेत, आणि ठरलेल्या वेळात काम उरकले नाही तर त्याला बाहेर काढावे.

यापेक्षा अवघड प्रश्न माघारीचा निघाला. चूक झाली की आपण मागे जातो, शेवटची रेघ पुसतो. पण फळा सर्वांचा असेल तर शेवटची रेघ कोणाची? आमच्या एका जुन्या सभासदाने अर्धा तास खपून फलकाच्या कोपऱ्यात चरखा काढला होता. दुसऱ्याने आपली चूक पुसण्यासाठी माघारीचे बटण दाबले, दाबतच राहिला, आणि चरखा गेला. सभासद रागावले. रागावणारच. त्यावर कचेरीत खरोखरीची बैठक झाली, आणि ठरले की प्रत्येकाला आपल्यापुरतीच माघार. सांगायला सोपे. परंतु माझ्या रेघेवर तुम्ही तीन रेघा ओढल्या असतील तर खालून माझी कशी काढणार? त्यासाठी संगणकाला चित्र साठवून पुरत नाही. कोणी कोणती रेघ कधी ओढली याची सगळी वही ठेवावी लागते. एक रेघ काढायची तर ती ओळ गाळून सबंध चित्र पहिल्यापासून पुन्हा रंगवायचे. वही फार लांबली की यंत्र दमते. म्हणून मधे मधे एक खूण करून तेथपर्यंतचे चित्र पक्के करतात. त्या खुणेच्या मागे कोणाला माघार नाही. आमच्या सभेच्या इतिवृत्ताचे असेच आहे. पुढच्या सभेत ते कायम झाले की मग "मी तसे म्हणालोच नव्हतो" हे चालत नाही.

हे सर्व झाले आमच्या घरच्या फळ्याचे. जगातला सर्वांत गाजलेला सार्वजनिक फळा रेडिट या अमेरिकन कंपनीचा. 1 एप्रिल 2017 रोजी तिने हजार बाय हजार, म्हणजे दहा लाख ठिपक्यांचा फळा 72 तास उघडा ठेवला. रंग सोळा. एका माणसाला एका वेळी एक ठिपका, आणि पुन्हा ठिपका टाकायचा तर काही मिनिटे थांबायचे. दहा लाखांहून अधिक माणसे आली. एकटा माणूस येथे काहीच करू शकत नाही, कारण त्याचा दुसरा ठिपका पडेपर्यंत पहिल्यावर कोणीतरी आपला रंग लावलेला असतो. म्हणून लोकांनी टोळ्या केल्या, नकाशे केले, पहारे लावले, शेजाऱ्याशी तह केले. तीन दिवसांत संघटना करावी लागली! मला तर तो फळा पाहून चित्रापेक्षा त्याच्यामागचे पाळ्यांचे तक्तेच दिसतात.

परंतु फळा होता कंपनीचा. 2023मध्ये कंपनीने बाहेरच्या कारागिरांनी लिहिलेल्या साधनांवर भारी दर बसवले. जे हजारो लोक बिनपगारी तिची दालने सांभाळीत होते, त्यांनी 12 जूनपासून दालने बंद ठेवली. हा हरताळच होता, आणि करणारे पगारी नोकरसुद्धा नव्हते. कंपनीने 1 जुलैपासून दर लागू केलेच. त्याच महिन्यात तिने पुन्हा तो फळा उघडला, तर लोकांनी त्यावर ठिपक्या ठिपक्याने कंपनीच्या प्रमुखाला शिव्या लिहिल्या. शिव्यांनी दर उतरत नाहीत, हे मी गेटसभांतून नेहमी सांगतो. तरी पण तेवढे ठिपके मोजून मापून एका ओळीत आणण्याची शिस्त पाहून मी मनातल्या मनात टोपी काढली.

आम्हालाही याची झळ लागली आहे. स्वतःचा फळा उभारण्याआधी एक वर्ष आम्ही एका फुकटच्या सेवेवर फलक काढला होता. पुढच्या वर्षी तो उघडायला गेलो तर सेवा बंद. निरोप आला होता म्हणे, कोणत्या तरी पत्त्यावर, इंग्रजीत. त्यात आमच्या पेंटरांचा चेहरा काढलेला होता. त्यांच्या मुलीने आठवणीने काढला होता. छापलेला फलक पावसात गेला. मूळही गेले.

हे काही आमच्याच नशिबी आले असे नाही. फोटोशॉपसारखे कार्यक्रम करणाऱ्या अडोबी कंपनीने 2013मध्ये जाहीर केले की यापुढे नव्या आवृत्त्या विकत मिळणार नाहीत, भाड्याने मिळतील. म्हणजे चित्रकाराचा कुंचला घरभाड्यासारखा झाला. थकले की बाहेर. त्याच कंपनीचे फ्लॅश 31 डिसेंबर 2020 रोजी बंद पडले, आणि त्याच्यावर उभे असलेले चित्रांचे फळे आणि खेळणी मुकी झाली.

याच्या उलट बाजूलाही माणसे आहेत. 1980च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत एक नवा छपाईयंत्र आला होता, तो वरचेवर अडके. रिचर्ड स्टॉलमन नावाचा तेथला कारागीर आधीच्या यंत्रात स्वतः सुधारणा करून बसला होता: कागद अडकला की सर्वांना निरोप जाई. नव्या यंत्रातही तसेच करावे म्हणून त्याने आतल्या ओळी मागितल्या. त्या मिळाल्या नाहीत. पत्त्यांना हात लावायचा नाही! त्या माणसाने 1983मध्ये जाहीर केले की आपण अशी सबंध व्यवस्था लिहू की जिच्या आतल्या ओळी कोणालाही पाहता येतील, बदलता येतील, वाटता येतील. आज ड्रॉपाइल नावाचा एकत्र चित्र काढण्याचा कार्यक्रम याच पंथातला आहे; तो घ्यावा, आपल्या संगणकावर बसवावा, आपल्या माणसांना बोलवावे. मामांची आणि स्टॉलमनची गाठ पडली असती तर दोघांना एकमेकांची भाषा कळली नसती, पण तक्रार लगेच कळली असती.

मला पुण्यात एका तरुणाने विचारले की, आता तर नुसते सांगितले की यंत्र सबंध चित्र काढून देते, मग तुमचे हे कुंचले लिहिण्याचे श्रम कशाला? प्रश्न बरोबर आहे आणि मला त्याचे पुरते उत्तर येत नाही. एवढे माहीत आहे की तसल्या यंत्राने आमचा फलक काढून पाहिला. मूठ चांगली आली, बोटे एकदा सहा आली, आणि माग मात्र कोणत्याच विणकराला चालवता येणार नाही असा आला. आणि ज्यांच्या लाखो चित्रांवर ते शिकले, त्यांना विचारले कोणी होते, हा प्रश्न तिकडच्या चित्रकारांनी कोर्टात नेला आहे. तो दरपत्रकाचाच प्रश्न आहे, त्यावर पुन्हा केव्हातरी.

यंदाच्या फलकाविषयी सांगून आटोपतो. पेंटरांचा चेहरा पुन्हा काढायचा ठरले. त्यांच्या मुलीकडे एक फोटो होता, अंधुक, मुलाखालच्या गादीत दुमडून राहिलेला. चेहरा काढायला कोणाचा हात धजेना. तेव्हा तिने स्वतःच एक कुंचला लिहून घेतला. तिचे वडील अक्षर रंगवताना रेघ सुरू करीत तेथे कुंचला दाबीत आणि शेवटी झटक्याने उचलीत, त्यामुळे शेवटाला एक बारीक शेपूट येई. सोलापुरातल्या जुन्या दुकानांच्या पाट्यांवर ती शेपूट अजून कोठे कोठे दिसते. तिने सांगितले, पुण्याच्या मुलाने लिहिले: सुरुवातीला रुंद, वेग वाढेल तसे निमुळते, हात उचलताना शेवटच्या दिशेनेच थोडे पुढे जाऊ दे. पाच-सहा वेळा आकडे बदलले. सातव्या वेळी ती काही बोलली नाही. आता तो कुंचला फळ्यावर सर्वांसाठी आहे, त्यांच्या नावाने. भिवंडीच्या पोरांनी पेंटरांना पाहिलेले नाही, पण घोषणा त्याच हाताने लिहितात.

मागे डाव्या बाजूला, कडुलिंबाखाली, टेबल मांडले आहे. दोन संगणक आहेत, फळा उघडा आहे, आणि वीज आहे तोपर्यंत तो चालेल. सुरतेची मंडळी पाळी संपवून नऊला येतील म्हणाली आहेत. ज्यांना हात टेकवून पाहायचा असेल त्यांनी यावे. चप्पल बाहेर काढायची गरज नाही. फक्त कोपऱ्यातल्या चरख्याला धक्का लावू नका, त्याचे मालक समोरच बसले आहेत.